एका ओळखीच्यासाठी

काकूंच्या दुकानाची पंचाईत अशी होती की काम जितकं चांगलं होई, तितकं ते कुणाला दिसत नसे. इतर दुकानदारांचं बरं असतं. शिंप्याने चांगला कोट शिवला की कोट घालणारा चारचौघांत मिरवतो आणि कुणी न विचारताच शिंप्याचं नाव सांगतो. काकूंचे यजमान बूट करत, पण कुणाचे? ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, ज्यांचं एक पाऊल सात नंबरचं आणि दुसरं नऊचं आहे, ज्यांची टाच जमिनीला टेकतच नाही, अशांचे. बूट जमून आला की माणूस सरळ चालायला लागायचा, आणि सरळ चालणाऱ्या माणसाकडे वळून कोण बघतं? तो स्वतःही अळीमिळी गुपचिळी. "छान आहेत हो बूट, कुठून घेतले?" असं कुणी विचारलंच, तर "असेच, बाजारातून," म्हणून मोकळा. काकू म्हणायच्या, "आमचं गिऱ्हाईक खूश झालं की पहिलं आम्हाला विसरतं. त्याचाच अर्थ काम जमलं."

तरी दुकान चाललं, ते हाडांच्या एका डॉक्टरांमुळे. डॉक्टर तपासायचे आणि कागदावर पत्ता लिहून द्यायचे, की पेशंट सरळ काकूंच्या समोरच्या खोलीत. या खोलीत दोन खुर्च्या, एक पडदा, एक फोन आणि काकू. पडद्याच्या मागे कारखाना, म्हणजे एक लांब टेबल, चामडं शिवायचं जुनं मशीन आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले लाकडी पाय. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलाबरहुकूम तासलेले. कारखान्याला लागूनच घर. त्या साच्यावर चामडं ताणून बूट बसवायचा. पडद्यामागे काकांचं राज्य, पडद्यापुढे काकूंचं, आणि दोघांच्याही डोक्यावर सासूबाई. काका-काकू हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, पण आता घरातही तेच रूढ झालं होतं. सासूबाईसुद्धा आपल्या मुलाला "काका जेवले का?" असं विचारायच्या.

मग डॉक्टर थकले आणि निवृत्त झाले. त्यांच्या जागी मोठं हॉस्पिटल आलं. तिथे तळपायाचा फोटो काढणारं यंत्र होतं, आणि बुटात घालायच्या गाद्या तिथल्या तिथे मिळायच्या. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतही होतं, तेव्हा दोष तरी कुणाला द्यायचा? पण ज्यांचं भागत नव्हतं त्यांना कुठे जायचं हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. फोन वाजेनासा झाला. काका हातावर हात धरून बसणाऱ्यांतले नव्हते, म्हणून ते फळीवरचे लाकडी पाय एकेक करून पुसायचे, परत ठेवायचे आणि संपले की पहिल्यापासून पुसायला घ्यायचे. हे बघून काकूंचा जीव तुटायचा.

अशात एका मोठ्या बूट-कारखान्यातून निरोप आला. पट्ट्यावरून सरकत जाणारे तळ तपासायला अनुभवी माणूस हवा होता. काका जेवता जेवता म्हणाले, "वर्षअखेरीला खोलीचा करार संपतोय. तोवर हाताला काम आलं तर ठीक. नाही तर मी जातो तिकडे."

"तिकडे जाऊन काय करणार तुम्ही?"

"तळ बघणार."

"सगळे सारखेच असणार की ते!"

"म्हणूनच बघायला माणूस लागतो. एखादा वेगळा निघाला की बाजूला काढायचा."

 या माणसाने उभ्या आयुष्यात एकसारखे दोन बूट केले नव्हते, जोडीतलेसुद्धा नाहीत. तो आता वेगळा निघेल तो बाजूला फेकायची नोकरी करणार होता. काकूंनी हातातला घास ताटात ठेवला आणि जाहीर केलं, "आपण वेबसाइट करू या."

"कर," काका म्हणाले.

काकांच्या 'कर' या शब्दाचा अर्थ लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी काकूंना कळला होता. त्याचा अर्थ, 'कर, पण मला त्यात ओढू नकोस.' काकूंना तेवढं पुरेसं होतं. लग्नाआधी त्यांनी एका शाळेच्या कार्यालयात टायपिंग केलेलं, त्यामुळे बटणांचं भय नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दुपारी एक वर्ग भरायचा, छोट्या दुकानदारांना वेबसाइट बांधायला शिकवणारा. शिकवणाऱ्या बाई तरतरीत होत्या, थोडक्यात बोलायच्या आणि कुणाला हसायच्या नाहीत. काकूंनी नाव घातलं आणि महिन्याभरात साइट उभी करून दाखवली.

आता त्या पहिल्या साइटबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच बोलता येईल की ती उघडायची. वर जाड अक्षरांत 'परंपरा, विश्वास, गुणवत्ता' हे तीन शब्द होते, जे साबणापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्यांना लावून झालेले आहेत. खाली काकांनी केलेल्या बुटांचे फोटो, चकाचक पॉलिश करून, निळ्या कापडावर ठेवून काढलेले. काकूंनी सगळ्या गोतावळ्याला कळवलं. नणंदा, दीर, मावससासू, चुलतजावा, सगळ्यांना एकच हुकूम, "रोज उघडायची!" गोतावळाही असा गुणी की सगळ्यांनी हुकूम पाळला. साइटवर किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा एका कोपऱ्यात होता. तो चढता चढता पाचशेच्या पुढे गेला. काकूंची छाती फुगली. त्यांनी वर्गात सगळ्यांसमोर तो आकडा वाचून दाखवला.

बाईंनी शांतपणे दुसरं एक पान उघडलं. ही माणसं कुठून येतात आणि किती वेळ थांबतात, हे त्यावर दिसत होतं. त्या म्हणाल्या, "काकू, यातल्या निम्म्या भेटी एकाच फोनवरून आहेत. रोज सकाळी कुणीतरी पहिलं पान उघडतं आणि तसंच चालू ठेवतं."

काकूंनी कपाळाला हात लावला. त्या सासूबाई होत्या. सासूबाई सकाळी तोंड धुतल्याबरोबर फोनवर साइट उघडायच्या, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायच्या, "आहे गं, अजून आहे!" जणू रात्रीतून ती कुणी उचलून नेणार होतं. उरलेल्या निम्म्या भेटी नणंदा आणि दिरांच्या. बाहेरचा म्हणावा असा माणूस औषधालाही नव्हता.

सासूबाईंबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण घरात ती सगळ्यांना ठाऊक होती आणि घराबाहेर कुणालाच नाही. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड होता. जन्मापासूनच. सासरे, म्हणजे आप्पा, तेव्हा साधे बूट करणारे एक तरुण कारागीर होते. लग्न झाल्यावर त्यांनी बायकोसाठी बूट करायला घेतले, बिघडवले, पुन्हा केले, आणि कधीतरी असे जमले की बायको पाण्याची भरलेली कळशी न डचमळवता घरभर चालली. या धंद्याची सुरुवात तिथे झाली. सासऱ्यांनी तेव्हाच नियम घालून दिला, की गिऱ्हाइकाचा पाय ही गिऱ्हाइकाची घरची गोष्ट आहे, ती या पडद्याबाहेर जायची नाही. सासरे गेले, नियम राहिला. तीस वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईंनासुद्धा सासूबाईंच्या पायाचा पत्ता नव्हता.

गोतावळ्याला साइट उघडायची बंदी केल्यावर आकडा धाडकन खाली आला, आणि मग हळूहळू खरी माणसं यायला लागली. काकूंना आनंद झाला, तो त्यांचे निरोप वाचेपर्यंत टिकला. एकाला काळे, आठ नंबर हवे होते. एकाला लग्नात घालायला चकचकीत. एकाने विचारलं होतं, पळायला चालतील का? सगळे बिचारे साधे, दोन्ही पाय धडधाकट असलेले लोक. काकू पडद्यामागे गेल्या आणि त्यांनी ते निरोप काकांना वाचून दाखवले.

काका हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते, ते डोळे पुसेपर्यंत हसले. "म्हणजे फोटोत कुणालाच काही कळलं नाही! अगं, याच्याहून मोठी पावती कुठली?"

"पावती घेऊन काय करू? चाटू?" काकू भडकल्या. पण बाहेर येऊन त्यांनी पुन्हा ते फोटो पाहिले, आणि नवऱ्याचा त्यांना रागाच्या भरातही अभिमान वाटला. बूट खरोखरच तुमच्या-आमच्या बुटांसारखे दिसत होते. एका बुटाच्या पोटात चार बोटं उंची लपलेली, आणि ती कुठे लपली आहे ते सांगून सापडणार नाही. हे कसब फोटोत दाखवायचं म्हणजे दाखवायचं काय?

वर्गात बाईंनी एकच प्रश्न विचारला. "काकू, तुमचं खरं गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतं?"

"काहीतरी आपलं. नमस्कार वगैरे."

"नमस्काराच्या नंतरचं सांगा. घरी जाऊन आठवा. जे वाक्य असेल ते साइटवर सगळ्यात वर टाका."

काकू परत निघाल्या. सिग्नलला थांबल्या, दिवा हिरवा झाला, लोक दोन्हीकडून रस्ता ओलांडून गेले, आणि काकू होत्या तिथेच. मग एकदम मोठ्याने म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" शेजारच्या माणसाने दचकून आपली पिशवी सावरली.

पहिलं वाक्य प्रत्येकाचं एकच असायचं. "माझ्यासाठी नाही हो, एका ओळखीच्यासाठी विचारतोय." बायकासुद्धा तेच. "माझी एक मैत्रीण आहे, तिचा पाय जरा..." ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा काकूंनी वर्षानुवर्षं ऐकली होती. एक गृहस्थ तर आपल्या ओळखीच्या माणसाच्या डाव्या टाचेला थंडीत कुठे कळ येते आणि ती कशी वर सरकते हे इतकं बारकाईने सांगायचे, की काकूंना फोन बाजूला धरून हसावं लागे. मैत्रिणीसाठी विचारणारी बाई शेवटी म्हणायची, "चालेल, मी उद्या दुपारी येते. म्हणजे आम्ही." आणि यायची एकटीच. काकूंनी कुणाला कधी उघडं पाडलं नाही. 'त्या ओळखीच्यांना घेऊन या हं,' एवढंच म्हणायच्या.

त्या आठवड्यात काकूंनी 'परंपरा, विश्वास, गुणवत्ता' पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं, 'एका ओळखीच्यासाठी विचारताय? जरूर विचारा.' आणि खाली लोकांचे प्रश्न, जसे ते फोनवर विचारत तसेच. 'त्याचा एक पाय आखूड आहे. संध्याकाळी कंबर दुखते. बुटाने फरक पडेल का?' 'तिला दोन पायांना दोन मापं लागतात. दर वेळी दोन जोड घेऊन एकेक टाकून द्यायचा का?' 'माप द्यायला आलं तर बाहेर बसलेल्यांना दिसतं का?'

उत्तरं काकांची होती. काकू पडद्यामागे स्टूल टाकून बसायच्या आणि प्रश्न विचारायच्या. काका चामड्यावरून मान न उचलता बोलायचे, आणि काकू त्यातला शब्दही न बदलता टिपून घ्यायच्या. 'फरक पडतो. पण सगळी उंची एकदम देत नाही. कंबरेला इतक्या वर्षांची सवय असते, तिला हळूहळू समजवावं लागतं.' 'बाहेर कुणी बसलेलं नसतं. एका वेळी एकालाच बोलावतो.' 'आधीचे बूट टाकून देऊ नका. घेऊन या. झिजलेला तळ माणसापेक्षा खरं बोलतो.' निरोप पाठवायच्या चौकटीत काकूंनी नाव लिहायची सक्ती ठेवली नाही. तिथे फक्त विचारलं, 'ओळखीच्या माणसाला काय त्रास होतो?'

बाईंनी ते पान वर्गाच्या भिंतीवर मोठं करून लावलं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. वर्गात छपाईवाले, बेकरीवाले, कुंड्या विकणारे बसलेले, कुणी चुळबूळ केली नाही. "काकू, पुढच्या वर्गाला मी हे शिकवायला वापरू का?" बाईंनी विचारलं. काकूंनी "वापरा की," असं अगदी सहज म्हटलं, आणि मग जिन्यावरून उतरताना एक पायरी चुकल्या, इतक्या त्या हवेत होत्या.

बाईंनी मात्र जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. शब्द उत्तम आहेत, पण वाचणारा आजवर पुष्कळांकडून फसलेला असणार. त्याला डोळ्यांनी एकदा बघू द्या. बुटाआधीचं चालणं आणि बुटानंतरचं.

काकांनी चामड्यावरची सुरी खाली ठेवली. "नाही."

"अहो, चेहरा नाही दाखवायचा. नुसते पाय."

"पायच दाखवायचे नाहीत. चेहरा काय, तो रस्त्यावर रोज दिसतो. आप्पांनी जे पाळलं ते मी मोडणार नाही. कारखान्यात जाईन, पण गिऱ्हाइकाचा पाय बाजारात मांडणार नाही."

"मग जा!" काकू म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.  काका फळीवरचा एक लाकडी पाय घेऊन पुसायला लागले.

पडदा सरकला. सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या घरात न ऐकण्याची सोयच नव्हती. त्या खुर्चीत बसल्या, वाकून त्यांनी डाव्या बुटाची नाडी सोडली, मग उजव्या, आणि दोन्ही पाय थंड फरशीवर ठेवले. "सूनबाई, तुझा तो फोन काढ. माझं चालणं घे."

"आई, तू मधे पडू नकोस," काका म्हणाले. "हा आप्पांचा नियम आहे."

"आप्पांचा कसला? माझा आहे. मीच लाजत होते, म्हणून त्यांनी केला." सासूबाईंचा आवाज चढला. "त्यांनी हे बूट केले ना, तेव्हा मी त्यांना शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. नाही सांगितलं त्यांनी. आयुष्यभर नाही सांगितलं. गावात कुणी साधा जोड शिवला तरी त्याचं कौतुक व्हायचं, आणि यांचं सगळ्यात चांगलं काम माझ्या पायात असून कुणी एका शब्दाने बरं म्हटलं नाही. कारण मी ते झाकून ठेवलं. माणूस गेला रे, कौतुक न होता गेला. आता तुझंही तसंच करायचं का?"

 काका गुडघ्यावर बसले आणि काकूंना एवढंच म्हणाले, "फरशी गार आहे. आधी पटकन ते अनवाणी घे, मग मी बूट चढवतो."

काकूंनी चित्रण घेतलं. सासूबाई खिडकीपासून दारापर्यंत अनवाणी चालल्या. प्रत्येक पावलाला अंग डावीकडे झुकायचं, खांदा खाली जायचा, हात आधार शोधायचा. मग काकांनी आईच्या पायात बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि सासूबाई त्याच वाटेने परत आल्या. सरळ. मान ताठ. खिडकीपाशी पोचल्यावर त्या वळल्या आणि कुणी सांगितलं नसताना फोनकडे बघून बोलल्या, "हे बूट आधी माझ्या नवऱ्याने केले, आता मुलगा करतो. मी सत्तरीची आहे आणि जिने चढते." काकू म्हणाल्या, चेहरा कापून टाकते. सासूबाई म्हणाल्या, "काप, आणि मग बघ मी काय करते ते."

साइट तर झाली, पण ती आहे हे त्या लपणाऱ्या लोकांना कळवायचं कसं? चौकात फलक लावून ते थांबून वाचणारे नव्हते. इथे काकूंचं डोकं चाललं, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली तर कुणी नावं ठेवू नयेत. लोक पाय सगळ्या जगापासून लपवतात, पण शिंप्यापासून लपवू शकत नाहीत. पँट शिवायची तर एक पाय आखूड ठेवायला सांगावंच लागतं. काकूंनी शहरातला एकेक शिंपी गाठला. पहिल्यानेच सांगितलं, "आहेत की असे चार-पाच जण. पण आम्ही कधी विषय काढत नाही."

"काढूच नका," काकू म्हणाल्या. "कपडा देताना ही चिठ्ठी फक्त खिशात टाका."

बोटभर चिठ्ठी. तिच्यावर 'एका ओळखीच्यासाठी' एवढे शब्द आणि खाली साइटचा पत्ता. दुकानाचं नावसुद्धा नाही. माणूस घरी जाऊन खिशात हात घालणार, चिठ्ठी त्याला एकट्याला सापडणार, आणि वाटलं तर तो एकटाच बघणार. शिंप्यांना ही कल्पना इतकी आवडली की एकाने चिठ्ठी आत ठेवायला वेगळा चोरखिसाच शिवायला सुरुवात केली.

पंधरवडाभर काही झालं नाही. मग एक निरोप आला, मग तीन, आणि मग काकूंना सकाळचा चहा गार करून प्यायची सवय लागली. सगळे निरोप एका ओळखीच्यासाठी होते. हा ओळखीचा माणूस भलताच मोठा असावा, काकू म्हणायच्या, साऱ्या जगात त्याची ओळख आहे. लांबलांबच्या गावांहून विचारणा आली. पलीकडच्या शहरातल्या व्यायाम करवून घेणाऱ्या एका बाईंनी आपल्या साइटवर काकूंच्या साइटचा पत्ता दिला आणि शेजारी लिहिलं, 'आधी त्या आजींचं चालणं बघा.'

आजी म्हणजे सासूबाई. शेजारच्या बाई तर धावतच आल्या. "अहो, तुमचा पाय असा? तीस वर्षांत मला कधी कळलं नाही!"

"कळणार कसं?" सासूबाई म्हणाल्या. "बूट कुणाचे आहेत!" हे वाक्य त्या दिवसभरात त्यांनी चौघांना ऐकवलं, आणि संध्याकाळी लेकीला फोन लावून पाचव्यांदा.

काका कामाला लागले. लाकडी पाय पुसायला वेळ उरला नाही. नवे तासावे लागत होते, आणि एक फळी वाढवावी लागली. पण कारखान्याचं काय, हे काही ते बोलेनात. उत्तर याच आठवड्यात कळवायचं होतं हे काकूंना माहीत होतं. करारही संपत आला होता. काकूंनी विचारलं नाही. 'मग जा' म्हणून बसल्यावर आता कुठल्या तोंडाने विचारणार? त्या निरोपांना उत्तरं देत राहिल्या, आणि पडद्यामागच्या हातोडीचा आवाज ऐकत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी एक बस कंडक्टर आला. तिशी-पस्तिशीचा, अंगाने दणकट, अजून गणवेशातच. दारात उभा राहिला, तो आत येईचना. "ते... मी निरोप पाठवला होता. एका ओळखीच्यासाठी."

"या की. ओळखीचे बाहेर थांबलेत का?" काकूंनी नेहमीसारखं विचारलं.

 कंडक्टर खाली बघत म्हणाला, "मीच आहे तो."

इतक्या वर्षांत दारात उभं राहून हे सांगणारा हा पहिलाच. काकूंनी खुर्ची पुढे केली. काका बाहेर आले, गुडघ्यावर बसले, जमिनीवर कागद पसरला आणि जुना बूट हातात घेऊन उलटा केला. कंडक्टर धडाधडा बोलायला लागला, बांध फुटल्यासारखा. दिवसभर हलत्या बसमध्ये उभं राहायचं. आधीचे बूट करणारे म्हातारे गेले. मग दुसरे सापडले, त्यांनी वर्षभरात दुकान बंद केलं. "रागावू नका काका, पण एक विचारू? तुमचं दुकान राहणार आहे ना? कारण एकदा हे बूट घातले की पाय दुसऱ्या कशात जात नाही. माणूस मधेच निघून गेला की फार हाल होतात."

 पडद्याआड सासूबाईंचा चमचा वाजायचा थांबला.

काकांनी बूट बाजूला ठेवला. "निघालो होतो मी," ते म्हणाले. "कारखान्यात बोलावणं होतं. सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवलं. खोलीचा करारही केला, पाच वर्षांचा. आता मला इथून कुणी हलवत नाही."

सोमवारी! आणि आज शुक्रवार. काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की कंडक्टरलाच घाबरायला झालं.

"ते वेबसाइटवरचं कुणी लिहिलंय?" विषय बदलायला त्याने विचारलं. "कंबरेला समजवायचं वगैरे. मी ते किती वेळा वाचलं."

"माझ्या बायकोने," काका म्हणाले. मान वर करून, चांगलं मोठ्याने. "शब्द माझेच आहेत, पण इकडे तिकडे सांडलेले. तिने वेचले. मीसुद्धा रोज वाचतो. मला काही येतं, हे मला तिथे वाचूनच कळलं."

पडद्याआडून सासूबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. काकूंच्या डोळ्यांसमोरचा कागद, बूट, गणवेश, सगळं पाण्यात बुडालं. आजवर त्यांच्या कामाला बाईंनी चांगलं म्हटलं होतं, वर्गाने म्हटलं होतं, पलीकडच्या शहरातल्या अनोळखी बाईने म्हटलं होतं. पण ज्याच्यासाठी केलं त्याने म्हटल्यावर माणसाचं काय होतं हे त्यांना आत्ता कळत होतं. काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाही तर हुंदका फुटला असता.

"अहो, तुम्ही पाय हलवू नका," त्या कंडक्टरवर खेकसल्या. "माप चुकेल त्यांचं."